प्लेगचा जंतू आणि त्याचे भाऊबंद

जंतूला नाव देणे हे वरवर प्रयोगशाळेच्या चार भिंतींतले काम वाटत असले, तरी साथीच्या दिवसांत त्या एका नावावर बंदरे बंद होतात, आगगाडीतले प्रवासी उतरवून तपासले जातात, घरांवरची कौले काढली जातात आणि माणसे गाव सोडून निघतात. त्यामुळे एकमेकांशी अगदी जवळचे नाते असलेले दोन जंतू वेगळे कसे ओळखायचे, या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांचा इतिहास हा सार्वजनिक जीवनाचाही इतिहास ठरतो. प्लेगच्या जंतूच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे, कारण मानवी इतिहासातल्या सर्वांत भीषण साथींना कारण झालेला हा जंतू आणि बहुधा ताप व पोटदुखी यांवरच निभावणारा त्याचा एक भाऊबंद, यांच्यातला जनुकीय फरक इतका थोडा आहे की शास्त्रज्ञांनी एकदा त्या दोघांना एकच प्रजाती मानण्याचा प्रस्ताव मांडला होता.

या इतिहासाचा एक मोठा भाग पश्चिम भारतात घडलेला आहे. १८९४च्या जून महिन्यात हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी प्लेगने मेलेल्यांच्या शरीरात जंतू पाहिल्याला जेमतेम दोन वर्षे होत होती, तोच सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाचे आणि काखेत किंवा जांघेत गाठ उठण्याचे रुग्ण दिसू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले ते रुग्णाच्या खाटेपाशी, लक्षणांवरून. आणि ते निदान व्यापारावर आणि प्रवासावर निर्बंध आणणारे असल्यामुळे त्याला जंतूच्या पुराव्याची जोड मिळणे अत्यंत निकडीचे होते. कलकत्त्याहून पाठवलेले जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली व तिच्यालगतचा बोळ एवढ्या जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई हाताशी घेऊन, त्यांनी काम सुरू केले.

हाफकिन यांच्या त्या कामातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. मांसाच्या रश्शापासून केलेले पोषक द्रव त्यांनी काचेच्या चंबूत भरले, त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले, त्यात जंतू पेरले आणि चंबू अजिबात हलणार नाही अशा बेताने ठेवून दिला. काही दिवसांत तरंगणाऱ्या तुपाच्या खालच्या बाजूला जंतूंची वाढ धरू लागे आणि गुहेच्या छतातून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे पांढुरके धागे द्रवात खाली उतरू लागत. चंबूला जरासा धक्का बसला की ते धागे तुटून तळाशी बसत आणि वर पुन्हा नवी वाढ सुरू होई. तूप वापरण्याचा हेतू लशीसाठी भरपूर जंतू वाढवणे हा होता आणि अशा संवर्धातले जंतू उष्णतेने मारून, त्यात कार्बोलिक आम्ल मिसळून हाफकिन यांनी तयार केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परंतु लोंबत्या सुळक्यांची ही वाढ प्लेगच्या जंतूची खूण म्हणूनही मानली जाऊ लागली, म्हणजे ज्या घरगुती पदार्थाशिवाय मराठी माणसाचा वरणभात पुरा होत नाही तो पदार्थ काही काळ जगातल्या एका भयंकर जंतूची ओळख पटवण्याचे साधन होऊन बसला.

त्या काळच्या जंतुशास्त्रज्ञाजवळ ओळखीची साधने होती ती अशीच, जंतूच्या वागणुकीवर आधारलेली. सूक्ष्मदर्शकाखाली रंग दिलेला प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका दिसतो, म्हणून त्याला बंद केलेल्या सेफ्टी पिनेची उपमा दिली जाते. तो कोणत्या तापमानाला वाढतो, कोणती साखर आंबवतो, गिनीपिगला टोचल्यावर काय होते, यांची उत्तरे जुळली म्हणजे ओळख पटली असे समजले जाई. ही पद्धत जंतू परका असला तर पुरेशी होती, पण जवळचा नातेवाईक समोर आला की तिचा पाय घसरत असे, आणि असा नातेवाईक प्लेगच्या जंतूच्या आधीच, १८८३मध्ये, पॅरिसमध्ये मालासे आणि व्हिन्याल यांना सापडलेला होता. प्राण्यांच्या यकृतात व प्लीहेत क्षयाच्या गाठींसारख्या दिसणाऱ्या पण क्षयाच्या नसलेल्या गाठी निर्माण करतो म्हणून त्याला 'खोट्या क्षयाचा' जंतू असे नाव मिळाले, आणि शास्त्रीय परिभाषेत आज त्याला यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस म्हणतात. माती, पाणी, पक्षी, ससे, उंदीर अशा अनेक ठिकाणी तो राहतो. माणसाच्या पोटात गेला तर ताप येतो, अपेंडिक्सचा विकार वाटावा अशी पोटदुखी होते आणि बहुतेक माणसे त्यातून बरी होतात.

माणसाच्या आजारात हे दोन जंतू सहसा एकमेकांशी गल्लत करण्यासारखे नसतात, परंतु उंदराच्या बाबतीत तसे नव्हते. १८९८मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवल्यानंतर, आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग आयोगाने ते मुंबईतल्या चाळींमधल्या प्रयोगांनी पक्के केल्यानंतर, मेलेले उंदीर फाडून तपासणे हे बंदराच्या शहरांचे रोजचे काम झाले. उंदीर पडू लागले की साथ येणार, हे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांना अनुभवाने ठाऊक झालेले होते. आता त्या पडलेल्या उंदराच्या प्लीहेतला जंतू प्लेगचा की खोट्या क्षयाचा, यावर एखाद्या वस्तीचे भवितव्य ठरणार होते. पुढच्या काही दशकांत यासाठी साध्या पण चांगल्या कसोट्या पुढे आल्या. खोट्या क्षयाचा जंतू २२ ते २८ अंश तापमानाला वाढवला तर द्रवाच्या थेंबात पोहताना दिसतो, प्लेगचा जंतू कोणत्याच तापमानाला हलत नाही. खोट्या क्षयाचा जंतू ऱ्हॅम्नोज नावाची साखर आंबवतो, प्लेगचा सहसा आंबवत नाही. आणि युरिया घातलेल्या पोषक माध्यमाच्या दोन नळ्यांत हे दोन जंतू शेजारी शेजारी पेरले तर पहिल्याची नळी गुलाबी होते, कारण तो युरियाचे विघटन करून अमोनिया सोडतो, आणि प्लेगच्या जंतूची नळी होती तशी पिवळसर राहते. या कसोट्यांमध्ये एक गोष्ट समान आहे, आणि ती त्या वेळी कोणाला फारशी विचार करण्याजोगी वाटली नसावी: जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सौम्य जंतूला काही तरी येते आणि घातक जंतूला ते येत नाही.

प्लेगच्या जंतूंचे आपसांत वर्गीकरण करण्याचा पहिला मोठा प्रयत्नही वागणुकीवरच आधारलेला होता. एका प्रजातीच्या आत थोडाफार फरक असलेल्या वंशाला, ज्वारीच्या किंवा भाताच्या बाबतीत म्हणतो त्याप्रमाणे, वाण म्हटले तर देविन्या या संशोधकाने १९५१मध्ये प्लेगच्या वाणांचे तीन गट मांडले. ग्लिसरॉल आंबवणारे आणि नायट्रेटचे नायट्राइट करणारे ते अँटिका, ग्लिसरॉल आंबवणारे पण नायट्रेटची ती क्रिया न करणारे ते मेडिएव्हॅलिस, आणि ग्लिसरॉल न आंबवणारे पण नायट्रेटची क्रिया करणारे ते ओरिएंटॅलिस, अशी ही विभागणी होती. देविन्यांनी याच्यापुढे एक पाऊल टाकले आणि इतिहासातल्या तीन महासाथींची या तीन गटांशी सांगड घातली: सहाव्या शतकातली, सम्राट जस्टिनियनच्या काळची साथ अँटिकाची, चौदाव्या शतकात युरोपात 'काळा मृत्यू' म्हणून ओळखली गेलेली साथ मेडिएव्हॅलिसची, आणि हाँगकाँग-मुंबईची साथ ओरिएंटॅलिसची. हे उत्तर इतके सुबक होते की जवळजवळ अर्धे शतक ते पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले. त्याला आधार मात्र आज जिवंत असलेल्या वाणांच्या भौगोलिक वाटणीचा होता, मेलेल्या माणसांच्या शरीरातल्या जंतूचा नव्हता.

वागणुकीकडून थेट आनुवंशिक द्रव्याकडे वळण्याची सोय झाली ती डीएनएची रचना उमगल्यानंतर. डीएनएचा रेणू हा एकमेकांना पूरक अशा दोन धाग्यांचा असतो आणि तापवल्यावर ते धागे सुटे होतात, थंड झाल्यावर आपापला जोडीदार शोधून पुन्हा जुळतात. दोन वेगळ्या जंतूंचे सुटे धागे एकत्र केले आणि ते एकमेकांशी किती घट्ट जुळतात हे मोजले, तर त्या जंतूंचे नाते किती जवळचे आहे याचा अंदाज बांधता येतो. बेर्कोव्हिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कसोटी प्लेगच्या आणि खोट्या क्षयाच्या जंतूंना लावली, तेव्हा दोघांचे धागे एकाच प्रजातीच्या दोन वाणांचे जुळावेत तसे जुळले, आणि १९८०मध्ये त्यांनी प्लेगच्या जंतूला स्वतंत्र प्रजाती न मानता खोट्या क्षयाच्या जंतूची उपप्रजाती मानावे असा प्रस्ताव केला. वर्गीकरणाच्या नियमांप्रमाणे प्रस्ताव चोख होता. तरीही जंतूंच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायिक आयोगाने १९८५मध्ये ते नाव नाकारले आणि यर्सिनिया पेस्टिस हेच नाव कायम ठेवले, कारण प्लेगच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर सौम्य जंतूचे नाव लिहिले गेले तर प्रयोगशाळेतल्या माणसांचे आणि रुग्णांचे प्राण धोक्यात येतील. हा निर्णय अगदी योग्य म्हटला पाहिजे. नाव हे नात्याचे वर्णन करण्यासाठी असते हे खरे असले, तरी ते सर्वांत आधी सावध करण्यासाठी असते, आणि १९८५चा तो निर्णय शास्त्रज्ञांनी ही गोष्ट जाणून घेतला होता.

डीएनए इतका सारखा असेल, तर मग घातकपणा कुठे दडलेला आहे, हा प्रश्न उरत होता. त्याचे निम्मे उत्तर प्लाझ्मिडांमध्ये मिळाले. जंतूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्याजवळ डीएनएची लहान, वर्तुळाकार, स्वतंत्रपणे दुणावणारी कडी असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात, आणि प्लेगच्या जंतूजवळ अशी तीन असतात. त्यांतले मधल्या आकाराचे, सुमारे ७० हजार अक्षरांचे, दोन्ही भाऊबंदांकडे आहे. परंतु सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचे सर्वांत छोटे आणि सुमारे एक लाख अक्षरांचे सर्वांत मोठे ही दोन प्लेगच्या जंतूने नंतर बाहेरून मिळवलेली आहेत. छोट्यावर 'पीएलए' नावाचे जनुक आहे, ज्याच्यामुळे जंतूला रक्ताच्या गुठळ्या विरघळवत शरीरभर पसरता येते. मोठ्यावर 'सीएएफ-१' हे जनुक आहे, जे जंतूभोवतीचे संरक्षक कवच तयार करते. १९८०च्या दशकात कॅरी मलिस यांनी शोधलेल्या पीसीआर या पद्धतीने डीएनएच्या एखाद्या नेमक्या तुकड्याच्या काही तासांत कोट्यवधी प्रती काढता येऊ लागल्या, तेव्हा ही दोन जनुके प्लेगच्या तपासणीची साहजिक लक्ष्ये बनली: नमुन्यात ती दोन्ही सापडली तर प्लेग, न सापडली तर बहुधा दुसरे काही.

या नव्या कसोट्यांची खरी गरज भारतात, आणि तीही महाराष्ट्रात, १९९४ साली निर्माण झाली. १९६६नंतर देशात माणसांत प्लेगची नोंद झालेली नव्हती, त्यामुळे डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीने तो पुस्तकातच पाहिलेला होता. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यातली अनेक घरे पडली वा रिकामी झाली, तिथे साठवलेल्या धान्यावर उंदीर वाढले, आणि पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास, उंदीर पडणे आणि नंतर गाठी उठलेले तापाचे रुग्ण, हा जुना क्रम पुन्हा दिसला. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. खानदेशातून गेलेल्या हजारो मराठी कुटुंबांसह लाखो माणसे त्या शहरातून मिळेल त्या गाडीने बाहेर पडली, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले, कित्येक देशांनी भारताची विमाने थांबवली.

आणि या सगळ्या धावपळीत मूळ प्रश्नाचे निर्णायक उत्तर हाताशी नव्हते. बहुतांश निदान हे लक्षणांवर आणि रुग्णाच्या रक्तात प्लेगविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रथिने, आढळतात का यावर अवलंबून होते. जंतू प्रत्यक्ष वाढवून दाखवणे कठीण गेले, कारण माणसांनी रुग्णालयात येण्याआधीच प्रतिजैविके घेतलेली होती आणि कित्येक ठिकाणी प्लेगचा जंतू हाताळण्याची सवय आणि साधने दोन्ही मागे पडलेली होती. हा प्लेगच नव्हे, दुसऱ्याच एखाद्या जंतूचा किंवा विषाणूचा आजार आहे, असे सांगणारे तज्ज्ञही पुढे आले आणि त्यांच्याही बाजूने बोलण्यासारखे काही होते. मामल्याच्या आणि सुरतेच्या रुग्णांच्या दृष्टीने हा वाद किती क्लेशदायक होता हे विसरता येत नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना, ते कशाने गेले याचे उत्तर मिळण्याचा हक्क होता, आणि ते मिळायला वर्षे लागली. प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ही साथ प्लेगचीच असल्याचा निष्कर्ष काढला. १९९६मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात एस. के. पांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरत व बीड इथून मिळालेल्या वाणांची रेणवीय, म्हणजे डीएनएच्या पातळीवरची, तपासणी प्रसिद्ध केली. आणि २००० साली हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील एस. शिवाजी आणि इतरांनी आणखी दोन पद्धतींनी तोच निष्कर्ष दिला.

त्या दोन पद्धतींचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. पहिलीत, सर्व जंतूंमध्ये असणाऱ्या आणि अतिशय सावकाश बदलणाऱ्या '१६एस' या जनुकाची अक्षरे वाचतात, ज्यामुळे जंतूचे कूळ निर्विवादपणे कळते. सुरतेचा जंतू यर्सिनियाच्या कुळातला आहे, दुसऱ्या एखाद्या आजाराचा नाही, हे त्यातून सिद्ध होते. पण हे जनुक प्लेगच्या आणि खोट्या क्षयाच्या जंतूंत जवळजवळ अक्षरशः सारखे असल्यामुळे कुळाच्या आतला निवाडा त्यावर सोपवता येत नाही. तो दुसऱ्या पद्धतीकडे जातो, जिच्यात डीएनएचे अगदी आखूड, स्वैरपणे निवडलेले तुकडे पीसीआरमध्ये वापरतात. ते जंतूच्या डीएनएवर जिथे जिथे बसतील तिथून वेगवेगळ्या लांबीच्या प्रती निघतात, आणि जेलमध्ये त्या वेगळ्या केल्यावर पट्ट्यांची जी नक्षी उमटते ती त्या वाणाच्या बोटांच्या ठशासारखी असते. एका पद्धतीने कूळ सांगावे आणि दुसरीने व्यक्ती दाखवावी, अशी ही विभागणी होती. फेब्रुवारी २००२मध्ये हिमाचल प्रदेशातल्या शिमला जिल्ह्यात हाटकोटी भागात फुप्फुसाच्या प्लेगचे १६ रुग्ण आढळून त्यांतले ४ दगावले, तेव्हा 'पीएलए' आणि कवचाच्या जनुकांची पीसीआर तपासणी तयार होती, आणि १९९४सारखा संभ्रम झाला नाही.

प्लेगच्या वाणांना आपसांत वेगळे करणे हे मात्र याहून पुष्कळ कठीण निघाले. रायबोसोम, म्हणजे पेशीतली प्रथिने तयार करणारी यंत्रणा, हिच्याशी संबंधित जनुकांभोवतीच्या तुकड्यांची नक्षी पाहणे, डीएनएमध्ये इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या 'आयएस-१००' सारख्या घटकांच्या जागा नोंदवणे, आणि एकाच शब्दाची लागोपाठ पुनरावृत्ती व्हावी तशा डीएनएच्या आवृत्त भागांची संख्या मोजणे, अशा पद्धती एकामागून एक आल्या. १९९९मध्ये मार्क अख्तमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देविन्यांच्या तिन्ही गटांमधल्या ३६ वाणांची सहा जनुके वाचली आणि त्यांत एका अक्षराचाही फरक सापडला नाही. इतकी एकसारखी प्रजाती फार जुनी असूच शकत नाही. प्लेगचा जंतू हा खोट्या क्षयाच्या जंतूपासून गेल्या दीड हजार ते वीस हजार वर्षांत फुटलेला कोवळा फाटा आहे, असे अनुमान त्यांनी काढले. पुढे २००१मध्ये प्लेगच्या एका वाणाचा जीनोम, म्हणजे सुमारे ४६ लाख ५० हजार अक्षरांचे संपूर्ण आनुवंशिक लिखाण, प्रसिद्ध झाला आणि २००४मध्ये खोट्या क्षयाच्या जंतूचाही झाला, तेव्हा दोन भावांच्या वह्या शेजारी ठेवून वाचणे शक्य झाले.

त्या वाचनातून निघालेली गोष्ट या सगळ्या इतिहासातली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट आहे. प्लेगच्या जंतूने दोन प्लाझ्मिडे मिळवली हे खरे, पण त्याहून कितीतरी अधिक त्याने गमावले: खोट्या क्षयाच्या जंतूची सुमारे १३ टक्के जनुके प्लेगच्या जंतूत नाहीशी किंवा निकामी झालेली आढळली. जनुकातली अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात, त्यामुळे मध्येच एक अक्षर जास्त घुसले की पुढचे सगळे गट सरकतात आणि वाक्य निरर्थक होते. युरियाचे विघटन करणाऱ्या यंत्रणेतल्या एका जनुकात नेमके असेच एक जादा अक्षर प्लेगच्या जंतूमध्ये आहे, आणि पोहण्याचे शेपूट तयार करण्यावर ताबा ठेवणाऱ्या जनुकातही तेच घडले आहे. म्हणजे प्रयोगशाळांनी अनेक दशके पिवळी राहणारी नळी पाहून जी ओळख पटवली, ती एका अक्षराची चूक होती, आणि त्या चुकीमुळेच दोघे भाऊ वेगळे दिसत होते. २०१४मधल्या संशोधनाने ती चूक फायद्याची होती असेही दाखवले, कारण युरिया फोडणारा जंतू पिसूला मारतो आणि न फोडणारा तिच्या पोटात सुखाने राहतो. पिसूच्या आधाराने जगायचे तर ते कसब टाकून देणे भाग होते. देविन्यांच्या गटांचेही असेच उलगडले: ओरिएंटॅलिसला ग्लिसरॉल आंबवता येत नाही कारण त्याच्या एका जनुकातून ९३ अक्षरे गळून पडली आहेत, आणि मेडिएव्हॅलिसचे नायट्रेटचे कसब गेले ते एका जनुकात मध्येच पूर्णविराम पडल्यामुळे.

महासाथींशी त्या गटांची घातलेली सांगड मात्र टिकली नाही, आणि तिला धक्का दिला तो दातांनी. मेलेल्या माणसाच्या दाताच्या आत, जिथे जिवंतपणी रक्त खेळत असते, तिथे रक्तातल्या जंतूचे डीएनए शतकानुशतके अडकून राहू शकते, या कल्पनेवर मार्सेयच्या संशोधकांनी १९९८मध्ये फ्रान्समधल्या जुन्या प्लेग-दफनभूमींतल्या दातांत प्लेगचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. इतरांना सुरुवातीला तसे निष्कर्ष मिळाले नाहीत आणि आधुनिक डीएनएची भेसळ झाली असेल अशी शंका घेतली गेली. ती शंका अनाठायी नव्हती, आणि तिच्यामुळेच पुढची पद्धत अधिक काटेकोर झाली. २०११मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड इथे १३४८ ते १३५० या काळात पुरलेल्यांच्या दातांतून काळ्या मृत्यूच्या जंतूचा जीनोम जुळवण्यात आला, आणि तो देविन्यांच्या मेडिएव्हॅलिस गटात न बसता आजच्या अनेक शाखांच्या मुळाशी बसला. २०१४मध्ये जर्मनीतल्या सहाव्या शतकातल्या दातांवरून जस्टिनियनच्या साथीचा वाण हा स्वतंत्र, वारस न सोडता संपलेला फाटा ठरला. २०२२मध्ये किर्गिझस्तानातल्या इसिक-कूल सरोवराजवळच्या १३३८-३९च्या कबरींमधल्या, ज्यांच्या दगडांवर सिरियॅक लिपीत महामारीने मृत्यू असे कोरलेले होते, त्या मृतांच्या दातांतून लंडनच्या वाणाचा पूर्वज मिळाला. मुंबईचा ओरिएंटॅलिस मात्र देविन्यांनी सांगितला तिथेच, आधुनिक साथीच्या फांदीवर, राहिला.

आनुवंशिक कसोटी अचूक असली तरी ती भोवतालच्या जंतूंबद्दलच्या माहितीइतकीच भरवशाची असते, हेही याच वर्षांत लक्षात आले. 'पीएलए' हे जनुक प्लेगच्या जंतूचीच खूण मानले जात होते, पण त्याची जवळजवळ तशीच रूपे उंदरांत राहणाऱ्या इतर काही जंतूंमध्येही सापडली. आणि २०१५मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या कठड्यांवरून आणि बाकांवरून घेतलेल्या नमुन्यांत प्लेगच्या डीएनएचे तुकडे आढळल्याचे एका अभ्यासात प्रसिद्ध झाले, तेव्हा शहरात प्लेगचा एकही रुग्ण नव्हता, आणि लेखकांना नंतर तो निष्कर्ष मागे घेऊन दुरुस्ती द्यावी लागली. निरुपद्रवी नातेवाइकांचे जीनोम पुरेसे वाचलेले नसले तर संगणक जुळणी करताना सर्वांत प्रसिद्ध नातेवाइकाचे नाव पुढे करतो, आणि प्लेगचा जंतू तर या कुळातला सर्वांत प्रसिद्ध आहे. एका जनुकावर न थांबता तीन-चार स्वतंत्र खुणा जुळल्यावरच प्लेग म्हणायचे, असा शिरस्ता आता पडला आहे, तो अशा अनुभवांमुळे.

मुंबई-पुण्याच्या साथीत मेलेल्यांच्या बाबतीत दातांचा हा मार्ग बहुतांशी बंद आहे, कारण दहन झालेल्या देहाचे काही उरत नाही. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेलेल्या सावित्रीबाई फुले असोत किंवा ज्यांची नावे कुठल्याच नोंदीत नाहीत अशी असंख्य माणसे असोत, त्यांच्या शरीरातला जंतू आता कोणत्याही उत्खननात सापडणार नाही. त्या साथीच्या वंशातले जे वाण उरले आहेत ते प्रयोगशाळांनी वाळवून, काचेच्या कुप्यांत बंद करून जपून ठेवलेले. भारतातून मिळालेला आणि '१९५' या क्रमांकाने ओळखला जाणारा वाण त्यांतलाच एक, जो पुढे अमेरिकेत मृत जंतूंची लस तयार करण्यासाठी वापरला गेला आणि ज्याचा जीनोमही वाचला गेला आहे. तो ओरिएंटॅलिस गटातला आहे, म्हणजे ग्लिसरॉल आंबवण्याच्या जनुकातली ९३ अक्षरे त्याच्याकडे नाहीत, जशी १९००मध्ये सान फ्रान्सिस्कोला उतरून पश्चिम अमेरिकेच्या रानातल्या खारींमध्ये वस्ती केलेल्या प्लेगकडेही नाहीत.